'विकायची नाही' लिहिलेली बोट

मी एक जुनी टगबोट आहे. मोठ्या जहाजांना दोर बांधून बंदरात ओढत आणणारी छोटी, ठेंगणी बोट असते ना, ती. आता लगेच माना डोलावू नका, मित्रांनो. बोट मी फक्त डब्याच्या झाकणावरच्या चित्रात होते. डब्यात मी म्हणजे प्लॅस्टिकचे एकशे बारा सुटे भाग आणि ते कसे जोडायचे हे सांगणारा एक घडीचा कागद. अशी मी एकतीस वर्षं पडून होते. एकतीस वर्षं! एवढ्या काळात माणसं लहानाची मोठी होतात, लग्नं करतात, टक्कल पाडून घेतात. माझा साधा नांगर कोणाला चिकटवता आला नाही.

माझा जन्म मात्र झटपट झाला. कारखान्यात गरम प्लॅस्टिक साच्यात गेलं आणि आठ सेकंदांत मी बाहेर. भाग सुटे होऊन हरवू नयेत म्हणून ते एका चौकटीला बारीक देठांनी जोडलेले असतात आणि प्रत्येकाशेजारी त्याचा नंबर असतो. नांगर सतरा, धुराडं एकतीस, सुकाणूचं चाक अठ्ठेचाळीस. चाक तर मसुराच्या डाळीएवढं. त्याला आठ आरे आहेत. मोजून घ्या. मला त्याचा अभिमान होता, म्हणून सांगते.

तिथून मी आणि माझ्यासारख्याच आणखी नऊ बोटी एका दुकानात आलो. दुकान कसलं, लाँड्री आणि किल्ल्या बनवणारा यांच्यामध्ये उरलेली फट होती ती. आत दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं. छताला दोऱ्यांनी विमानं टांगलेली. पंखा दोन नंबरच्या वर गेला की विमानांची आपसांत मारामारी सुरू व्हायची, म्हणून भर उन्हाळ्यातही पंखा दोनवरच. सगळीकडे गोंदाचा वास. दुकानदाराचं खरं नाव गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी काहीही मागितलं तरी तो आधी म्हणायचा, "थांबा, बघतो." म्हणून त्याचं नाव पडलं थांबाकाका.

आम्हा दहाजणींना मोठ्या खोक्यातून काढल्यावर त्याने दहावा डबा हातात घेतला, म्हणजे मला. चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग कानावरची पेन्सिल काढून झाकणावर लिहिलं, 'विकायची नाही'. त्याला मी स्वतःसाठी हवी होते. इतकी वर्षं लोकांना अशी जोडायची किट विकली, प्रत्येकाला कसं जोडायचं ते शिकवलं, पण स्वतःसाठी त्याने एकही बांधलं नव्हतं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, संध्याकाळी शटर खाली आलं की काम सुरू.

कसलं काय. आधी म्हणाला, मुलगी शाळेत जायला लागली की. मग म्हणाला, तिची दहावी झाली की. मग म्हणाला, सवड मिळाली की. सवड आली नाही, पण गिऱ्हाइकं आली, आणि माझी खरी दुर्दशा तिथून सुरू झाली.

झालं असं. शाळेतले चित्रकलेचे मास्तर माझ्या नऊ बहिणींपैकी एक घेऊन गेले होते. चार दिवसांनी तोंड पाडून आले. त्यांचा नांगर केरात गेला होता. तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? पण थांबाकाका म्हणाला, "थांबा, बघतो." विकायचे डबे फोडता येत नव्हते. माझा डबा विकायचा नव्हता. मग काय, उघडलं झाकण, घेतला चिमटा, आणि माझा नांगर मास्तरांच्या तळहातावर!

"अहो, पण तुमची बोट अडेल ना," मास्तर म्हणाले. निदान म्हणाले तरी.

"माझी काय घाई आहे? कंपनीकडून मागवून घेईन मी," थांबाकाका म्हणाला.

कंपनीकडून कधीच काही आलं नाही. पुढे तर कंपनीच बंद पडली. पण गल्लीत बातमी पसरली की भाग हरवला तर थांबाकाकाकडे मिळतो. एकाचं धुराडं कुत्र्याने चघळलं. एकाची शिडी पायाखाली आली. लाँड्रीवाल्याने बोटीच्या तळाचा पंखा चुकून उलटा चिकटवला आणि काढताना मोडला. प्रत्येक वेळी "थांबा, बघतो", आणि प्रत्येक वेळी झाकण माझंच उघडायचं.

वर त्या दुकानाची एक रीत होती. ज्याने भाग नेला त्याने बोट पूर्ण झाल्यावर ती दाखवायला आणायची, आणि मग ती आठ दिवस काचेच्या खिडकीत ठेवायची. म्हणजे माझाच नांगर दुसरीच्या गळ्यात, माझंच धुराडं दुसरीच्या डोक्यावर, आणि समोरच्या फळीवरून ते कौतुक मी बघत बसायचं! लोक काचेला नाक लावून म्हणायचे, "वा, काय सुरेख जमलीय." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

सगळ्यात शेवटी गेलं ते चाक. हॉस्पिटलात काम करणाऱ्या एक नर्सबाई होत्या. त्यांचे यजमान आजारी होते. दिवसभर अंथरुणावर पडून राहायचे आणि कंटाळून सगळ्यांवर चिडायचे. त्यांच्या हाताला काहीतरी काम हवं म्हणून नर्सबाईंनी टगबोट नेली. दोघांनी मिळून ती महिनाभर जोडली. एक दिवस चाक यजमानांच्या हातून निसटलं ते गादीत कुठे गेलं ते गेलंच. नर्सबाई दारात उभ्या राहिल्या आणि काही मागायच्या आतच थांबाकाका म्हणाला, "थांबा, बघतो."

त्या चाकाबद्दल मी कुरकुर करणार नव्हते. पण करते. आठ आरे होते हो त्याला.

मग वर्षं गेली. दुकानात येणारे कमी झाले. येणारे तरी कसे? डबा हातात घेऊन बघायचा, "हे कसं जोडतात हो?" म्हणून अर्धा तास थांबाकाकाचं डोकं खायचं, आणि घरी जाऊन तेच किट फोनवरून घरपोच मागवायचं. आणि चिकटवताना अडलं की पुन्हा हजर! तो बिचारा पुन्हा दाखवायचा. मला तर वाटायचं, झाकण आपटून ओरडावं.

शेवटी दुकान बंद करायचं ठरलं. ही बातमी लागताच काय गर्दी लोटली म्हणता! दहा-दहा वर्षं ज्यांनी पायरी चढली नव्हती ते सगळे आले. "अरेरे, काय आठवणी आहेत या दुकानाच्या!" "आमचं लहानपणच गेलं हो." विमानांखाली उभं राहून फोटो काढले, डोळे पुसले, आणि हात हलवत निघून गेले. एकाने एक ब्रशसुद्धा घेतला नाही. मित्रांनो, आठवणींवर दुकान चालत नाही. माझा या गळा काढणाऱ्यांवर अजून राग आहे.

एक संग्राहकही आला. जुने, न उघडलेले डबे गोळा करणारा. 'विकायची नाही' वाचून त्याचे डोळे लकाकले. थांबाकाका नको नको म्हणत असताना त्याने झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. "यात अर्धे भागच नाहीत. फेकून द्या." असं म्हणून त्याने मला रद्दीच्या ढिगावर ठेवलं. मीही म्हटलं, संपलं एकदाचं.

तिथून मला थांबाकाकाच्या मुलीने उचललं. ही आता चांगली मोठी बाई. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवण्याचं काम करते. ती सामान आवरायला आली होती. तिने माझ्यातले रिकामे देठ पाहिले.

"बाबा, ही तुमची बोट ना? मी पहिलीत गेले की बांधणार होतात ती?"

"हो. राहून गेली."

"राहून गेली? चाळणी झालीय तिची! चौदा भाग नाहीत यात. कुठे गेले?"

"दिले."

"कोणाला?"

आणि कोणता भाग कोणाकडे, ते त्याने चौदाही भागांचं एका दमात सांगितलं. सकाळची गोळी घेतली की नाही हे ज्याला आठवत नाही, त्याला धुराडं कोणाकडे आणि शिडी कोणाकडे हे पाठ! मुलगी ऐकत होती. मग तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते हात आता थरथरत असत. चहाचा कप बशीवर वाजायचा. मीही ते बघत होते. एकतीस वर्षं वाट पाहिली, आणि आता हे हातच राहिले नाहीत तर? दुसऱ्या कोणी जोडलं तर मी बोट होईन, पण त्याची बोट होणार नाही.

"बाबा, आता नाही तर कधीच नाही," मुलगी म्हणाली. आवाज चिडका होता, पण डोळे भरले होते.

पुढचे चार रविवार ती घरोघर हिंडली. जेवणाच्या डब्यात दातांचा ठसा घ्यायचा मऊ लगदा भरून न्यायची. कोणाची बोट कपाटावर, कोणाची माळ्यावर, मास्तरांची तर फ्रीजवर. माझा जो भाग असेल त्यावर लगदा दाबायचा, ठसा घ्यायचा, आणि प्रयोगशाळेत त्यावरून साचा बनवून नवा भाग ओतायचा. ठशात जे नीट आलं नाही ते तिने कानशीने घासून जमवलं. चौदा भाग तयार झाले, दातासारखे पांढरेशुभ्र.

एकच घोटाळा झाला. नर्सबाईंकडच्या चाकावरून लगदा काढताना चाक मधल्या दांडीशी तडकलं. यजमान जाऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. मुलीने घाबरून तिथल्या तिथे गोंद लावला. नर्सबाई म्हणाल्या, "असू दे गं, दिसत नाही." पण त्या चाकाकडेच बघत होत्या.

आता जोडणी सुरू झाली. दुपारच्या उजेडात, खिडकीशी. अहो, काय ती परीक्षा! चिमट्यातला भाग जागेवर बसेपर्यंत थांबाकाकाचा हात सतरा ठिकाणी जायचा. माझ्या कठड्याला गोंद, टेबलाला गोंद, चष्म्याला गोंद. मुलगी म्हणायची, "द्या, मी लावते." तो खेकसायचा, "हात लावू नकोस." मग ती त्याच्या कोपराखाली उशी ठेवायची आणि तोंड फिरवून बसायची. नांगर तिरका बसला. धुराडं किंचित डावीकडे कललं. उरल्यासुरल्या रंगांत त्याने मला लाल-काळं रंगवलं, तेही लाटांसारखं नागमोडी. शेवटी चाक. ते तीनदा जमिनीवर पडलं, तीनदा दोघं गुडघ्यांवर बसून शोधत राहिली, आणि चौथ्यांदा बसलं. थांबाकाका खुर्चीत मागे टेकला.

मित्रांनो, मी पूर्ण झाले! वाकडी, डागाळलेली, पण पूर्ण. त्याच्या हातची.

हे सुख किती दिवस टिकलं? अकरा दिवस.

बाराव्या दिवशी दुपारी नर्सबाई आल्या. हातात त्यांची बोट. तो गोंद सुटला होता आणि पुसताना चाकाचे तीन तुकडे झाले होते. मुलगी कामावर गेली होती. नर्सबाई म्हणाल्या, "ते असते तर हसून सोडून दिलं असतं. मला मात्र चैन पडेना. दुकान बंद झालंय ठाऊक आहे मला, तरी आले. सवयीने."

मला पुढचं कळलं होतं. मी मनात ओरडत होते, नको, नको, मुलीकडे साचा आहे, संध्याकाळपर्यंत थांब! जन्मभर लोकांना 'थांबा' म्हणणारा हा माणूस, त्या दिवशी त्यालाच थांबवेना.

"थांबा, बघतो," तो म्हणाला, आणि त्याने चिमटा घेतला.

संध्याकाळी मुलगी आली. माझ्याकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"बाबा, चाक कुठंय?"

"नर्सबाईंकडे."

तिने कपाळाला हात लावला. मला वाटलं आता भांडण होणार. व्हायलाच हवं होतं. मीही तिच्याच बाजूने होते. पण तिला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.

दुसऱ्या दिवशी तिने कवळी ठेवायची एक डबी त्याच्यापुढे आपटली. आत दोन डझन चाकं होती. पांढरं प्लॅस्टिक संपलं म्हणून हिरड्यांच्या गुलाबी रंगाची.

"घ्या. आता वाटत बसा," ती म्हणाली. "पण पहिलं हिला लावायचं. माझ्यासमोर."

त्याने लावलं. रंगाच्या बाटल्या तोवर वाळून गेल्या होत्या, म्हणून माझं चाक गुलाबीच राहिलं. हसू नका. माझ्याजवळ ती डबी ठेवलेली असते आणि आता गिऱ्हाइकं घरी येतात. बिनधास्त येतात. आता माझ्या अंगाला कोणी हात लावत नाही. बहुतेक वेळा.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर एखादा न उघडलेला डबा असेल तर उठा आणि आत्ता तो खाली काढा. सवड मिळाली की करू म्हणून त्याला तिथे कुजवू नका. वाकडं जोडा, डाग पाडा, भाग हरवा, पण जोडा. हात थरथरायला लागायच्या आत. आणि गल्लीत एखादं असं दुकान अजून उघडं असेल, तर ते बंद व्हायच्या दिवशी रडायला जाऊ नका. आज जा, आणि निदान एक ब्रश तरी घ्या.