काचेच्या आतून

"काका, घाई नाही. हात हलतोय असं समजा आणि मनातल्या मनात लिहा. काहीही लिहा," कॉम्प्युटरवाली मुलगी पुन्हा म्हणाली.

पडद्यावर एक रेघ वळवळली, गोल फिरली आणि थांबली. अक्षर म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि पेंटरकाकांचं सगळं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. उरल्या पापण्या. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. तेवढ्यावर काकूंनी संसार रेटला. बोलण्यात त्या आधीही कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या, आता तर दोघांच्या वाट्याचं एकट्याच बोलत. पण यांच्या मनात खरंच काय आहे ते कळत नाही, म्हणून त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा. मनातलं लिहिणं पडद्यावर उमटावं म्हणून डॉक्टरांनी मेंदूवर टिकलीएवढी चकती बसवली होती. आज अक्षर उमटलं नाही, तर ती काढून टाकायची होती.

"काकू, मेंदूकडून संदेश छान येतोय. पण अक्षरच लागत नाहीये," मुलगी हळूच म्हणाली.

"जन्मभर पाट्या रंगवल्या गं. मोत्यासारखं अक्षर यांचं," असं म्हणून काकू कोपऱ्यातल्या बेसिनकडे वळल्या. रडू नवऱ्याला दिसायला नको होतं. तोंडावर पाणी मारून त्यांनी मान वर केली, तर समोरच्या आरशात मागचा पडदा दिसला. त्यात सुबक 'दि' होता आणि त्याच्यापुढे 'स'.

"अगंबाई! अहो, तुम्ही काचेच्या आतून लिहिताय!"

मुलगी बघतच राहिली. काकू हसत-रडत सांगू लागल्या. दुकानाच्या काचेवरचं नाव रस्त्यावरच्यांनी वाचायचं, पण रंग टिकावा म्हणून रंगवायचं आतून, म्हणजे सगळं उलटं. जन्म गेला त्यात. समोर काच आली की यांचा हात उलटाच चालणार! काकू बाहेर रस्त्यावर उभ्या राहून बघत, आणि हे आतून भुवया उडवून विचारत.

"मग सोप्पं आहे की!" मुलीनं पडद्यावरचं चित्र सुलट केलं. रेघ पुन्हा चालू लागली.

'दिसतंय का?'

काकू दोन पावलं मागे सरकल्या आणि रस्त्यावर उभ्या राहायच्या तशाच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दिसतंय हो. सगळं दिसतंय." मग पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "वेलांटी तेवढी बुटकी झालीय."

पेंटरकाकांनी पापण्या दोनदा मिटल्या. कामात चूक काढलेली त्यांना कधीच खपली नव्हती.

मग रेघ सावकाश मागे गेली आणि वेलांटी बोटभर उंच करून आली.