कलम सात आणि एक पाठकोरा कागद

पहिलं कुलूप दाराला, दुसरं कपाटाला, तिसरं कपाटातल्या खणाला आणि चौथं ओठांना. विद्यापीठाच्या विद्यार्थी अभिलेख विभागात बसणाऱ्या बाईंची ही चार कुलपं सगळ्यांना ठाऊक होती. त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं आणि बाकी जग त्यांना कुलूपबाई म्हणू लागलं. एकतीस वर्षांत कोण कितव्यांदा नापास झालं, कोणाची जन्मतारीख शाळेत एक आणि इथे एक, आज मोठ्या खुर्चीत बसून शिस्तीवर बोलणारे कोण तेव्हा बाकाखाली चिठ्ठी उलगडताना सापडले होते, हे सगळं त्यांच्या पोटात होतं. पण त्यांच्या पोटातलं कधी कोणाच्या कानावर पडलं नाही.

त्यांच्या टेबलाच्या कडेला एक लाकडी ट्रे होता. त्याच्यावर चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी: ‘पाठकोरे’. एका बाजूने छापलेला, लिहिलेला, काम संपलेला कागद या ट्रेमध्ये पडायचा, कारण त्याची पाठ कोरी असायची. निरोप, कच्चे मसुदे, आपापसातली परिपत्रकं, सगळं त्या पाठीवर निघायचं. ही सवय इतकी जुनी झाली होती, की कागद ट्रेमध्ये टाकताना हात डोक्याला विचारायला थांबत नसे.

आणि तिथेच घोटाळा झाला.

सत्राच्या सुरुवातीला एक मुलगी खिडकीशी आली होती. विधी विभागातून नाव काढून भूगर्भशास्त्रात घालायचं, असा अर्ज. बाईंनी वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“तू कलमसाहेबांची मुलगी ना गं?”

“हो मावशी.”

कलमसाहेब म्हणजे विधी विभागाचे प्रमुख. घरात तीन पिढ्या वकील. चहात साखर कमी पडली तरी ते कोणत्या तरी कलमाचा भंग झाल्यासारखं बोलायचे.

“आणि तुला दगड शिकायचेत?”

“दगड खोटं बोलत नाहीत मावशी. दोन्ही बाजूंनी बोलत नाहीत.”

बाईंना हसू आलं, ते त्यांनी चौथ्या कुलपाआड ठेवलं. अर्जात मुलीने कारण लिहिलं होतं, अगदी मोकळेपणाने: विधीच्या वर्गात आपला जीव गुदमरतो, सहा महिने झोप नाही, विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जात आहे. आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘हे माझ्या वडिलांना मीच सांगेन, त्यांना वाईट वाटायचंच असेल, तर ते माझ्यासमोर वाटावं.’

“सांगणार कधी?”

“पहिल्या सत्राचा निकाल हातात आला की. नुसती गेले तर ते उलटतपासणी घेतील. गुणपत्रक घेऊन गेले तर निदान पुरावा असेल.”

“तोवर हा कागद माझ्या कपाटाबाहेर जायचा नाही,” बाई म्हणाल्या. “माझा शब्द.”

शब्द दिला आणि त्या झेरॉक्स काढायला उठल्या. यंत्र म्हातारं, तोंड वाकडं. पहिली प्रत तिरकी आली, कडेला काळा पट्टा, खालची ओळ साफ कापलेली. दुसरी नीट आली. नीट आलेली त्यांनी मूळ अर्जासह तिसऱ्या कुलपाआड घातली. आणि तिरकी? हाताने सवयीने ट्रेमध्ये टाकली. तिची पाठ कोरी होती ना!

* * *

सत्र संपत आलं, तेव्हा कलमसाहेब स्वतः खिडकीशी आले. मुलगी आपल्याच विभागात, म्हणून पक्षपाताचा आरोप नको, या कारणाने त्यांनी तिचा वर्ग घ्यायचं टाळलं होतं. तिच्या हजेरीकडेही मुद्दाम पाहिलं नव्हतं. त्यांच्या या निःपक्षपातीपणाचं सगळीकडे कौतुक होतं, आणि तीच त्यांची अडचण होऊन बसली होती.

“बाई, जरा एक हजेरी बघायची होती. घरचीच.”

“लेखी संमती आणलीत?”

“अहो, मुलगी आहे माझी.”

“सज्ञान आहे, साहेब.”

“तिच्या बुटांना रोज चिखल असतो.” साहेबांचा आवाज खाली आला. “कायद्याच्या पुस्तकात चिखल नसतो, बाई.”

बाईंना क्षणभर त्यांची दया आली. पण दया वेगळी आणि खण वेगळा. “बुटांची नोंद आम्ही ठेवत नाही, साहेब.”

साहेब ताठ झाले. “तुमचे हे तोंडी नियम चालणार नाहीत. विद्यार्थ्यांच्या अभिलेखांच्या गोपनीयतेसाठी समिती बसतेय, मी अध्यक्ष आहे. आता सगळं लेखी येईल.”

आणि आलं की! एकवीस कलमं, चौदा रकान्यांचा संमतीचा नमुना. कलम एक: गोपनीयता म्हणजे काय. कलम दोन: गोपनीयता म्हणजे काय नाही. वाचून वाचून सभासदांना झोप यायची, आणि झोपेत डुलणाऱ्या मानेला अध्यक्ष संमती समजायचे. शेवटी सगळ्यांनी शपथपत्रावर सह्या केल्या, की जे कळेल ते कोणाला कळू देणार नाही.

हे नियम छापायचे होते. बाई जेवायला गेल्या असताना जावक विभागातले कारकून आले. त्यांना सगळे जावकबुवा म्हणायचे, कारण त्यांच्याकडे आलेली कोणतीही गोष्ट आत राहत नसे. त्यांनी ट्रेमधला गठ्ठा उचलला, वजन हातावर तोललं आणि खूश होऊन निघून गेले. वीस प्रती, दोन-दोन पानं, चाळीस पाठकोरे. अंतर्गत परिपत्रकच तर होतं.

* * *

नियम लागू करण्याची सभा सकाळी अकराला. मोठ्या दालनात पुढच्या रांगेत समितीचे सात सभासद, मागे विभागांचे कारकून, आणि दाराजवळ हजेरीची वही घेऊन कुलूपबाई. कलमसाहेब उभे राहिले. त्यांनी नियमांचा कागद छातीसमोर धरला, घसा साफ केला आणि सुरू झाले.

“विद्यार्थ्याने विश्वासाने दिलेली माहिती ही संस्थेकडे ठेव असते…”

साहेबांसमोर कागदाचं तोंड होतं. सभेसमोर त्याची पाठ होती.

बाईंनी सहज मान वर केली. तिरका मजकूर, कडेला काळा पट्टा. तो पट्टा त्यांच्या यंत्राचाच, दुसऱ्या कोणाचा असा वाकडा नव्हता. आणि ते डावीकडे झुकलेलं त्या मुलीचं अक्षर. बाईंच्या हातातली वही खाली आली. त्यांच्या डोळ्यांपुढे तो ट्रे आला आणि त्या दिवशीचा आपला हात आला.

पुढच्या रांगेतले सातही सभासद आज कधी नव्हे ते जागे होते. रसायनशास्त्रवाल्या बाईंनी चष्मा बदलला. इतिहासवाले इतके पुढे झुकले, की खुर्ची मागून उचलली गेली. ग्रंथपालांचे ओठ हलत होते. त्यांना मनात वाचता येत नसे.

“किती एकाग्रतेने ऐकताय!” साहेब भारावून म्हणाले आणि कागद आणखी थोडा उंच धरला.

आता एवढंच बाकी होतं, की पान संपलं म्हणून साहेबांनी कागद उलटावा. कलम सहा चालू होतं. एकवीस कलमं एका बाजूवर मावणार नाहीत, हे कोणत्याही शहाण्या माणसाला कळलं असतं, आणि दुसरं पान खाली टेबलावर आहे हे साहेबांच्या लक्षात असेलच असं नव्हतं. मुलीचा निकाल शुक्रवारी होता. आज बुधवार.

“कलम सात,” साहेब म्हणाले. “विद्यार्थ्याची खाजगी माहिती असलेला कागद कोणाच्याही हाती चुकून आल्यास त्याने तो न वाचता, तत्क्षणी, अभिलेख विभागाकडे सुपूर्द करावा. पोटकलम दोन. यातून अध्यक्षांनाही सूट नाही.” इथे ते थांबले. टाळ्यांसाठी जागा ठेवली होती.

टाळ्या आल्या नाहीत. कुलूपबाई आल्या. चपलांचा आवाज करत सरळ मंचापाशी.

“साहेब, तो कागद द्या.”

“कोणता?”

“हातातला. कलम सात.”

“अहो, हे तर नियमच आहेत!”

“पुढून नियम आहेत. मागून विद्यार्थी आहे.”

ग्रंथपालांचे ओठ थांबले. साहेबांच्या बोटांनी कागदाची कड चाळवली. एक कोपरा उचलला गेला. अर्ध्या इंचाचं अंतर, त्यापलीकडे सहा महिन्यांचा चिखल.

“न वाचता, साहेब,” बाई हळूच म्हणाल्या. “पोटकलम दोन तुमचंच आहे.”

माणूस स्वतःच्या वाक्यात अडकला की त्याला कोण सोडवणार? साहेबांनी इंजेक्शन घेताना वळवतात तशी मान वळवली आणि कागद पुढे केला. बाईंनी तो पाकिटात घातला, तिथेच चिकटवला, आणि त्यांच्याकडूनच वर सही घेतली. मग मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांना वाटलं नियमासाठी. सभासद वाजवत होते सुटकेसाठी.

उरलेले एकोणचाळीस कागद बाईंनी दारातच गोळा केले. जुनी वेळापत्रकं निघाली. नशीब.

दुपारपासून खिडकीशी रांग. आधी रसायनवाल्या. “मी काहीच वाचलं नाही हं. पण दगड शिकून पुढे करतात काय हो?” मग इतिहासवाले. “मला दिसलंच नाही. बिचारीला झोप येते का आता?” संध्याकाळपर्यंत सातही जण काहीच न वाचल्याचं सांगून गेले. शपथ तशी कोणी मोडली नव्हती. ज्याला आधीच माहीत होतं त्यालाच जो तो सांगत होता. सगळ्या विद्यापीठात ते गुपित आता फक्त एका माणसापासून शाबूत होतं.

* * *

शुक्रवारी मुलगी गुणपत्रक घेऊन आली. पहिला वर्ग. बाईंनी अभिनंदन केलं नाही. त्यांनी खण उघडला, पाकीट समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिरकी प्रत, ट्रे, सभा, सात माणसं.

“चूक जावकबुवांची नाही. माझ्या हाताची आहे. शब्द दिला मी आणि मोडलाही मीच. तक्रार कर. नमुना देते.”

मुलीने पाकिटावरच्या सहीवरून बोट फिरवलं. डोळे भरले होते. “तरीच ग्रंथपाल परवा मला म्हणाले, झोपत जा बेटा.” मग विचारलं, “बाबांनी खरंच उलटून पाहिलं नाही?”

“कोपरा उचलला होता. पण नाही पाहिलं.”

“म्हणजे पाहू शकत होते.”

“हातातच होता की.”

तिने डोळे पुसले. “तक्रार करीन मावशी. यंत्राची आणि त्या ट्रेची. तुमचं नाव त्यात येईल.”

“येऊ दे.”

“माझा कागद आहे ना हा? मग मला द्या.”

बाईंनी वहीत तिची सही घेतली आणि पाकीट दिलं. जाताना मुलीने आणखी एक कागद खिडकीतून आत सरकवला. “हा राहू दे तुमच्याकडे. लागेल.”

सोमवारी कलमसाहेब खिडकीशी आले. दाढी वाढलेली. हातात तो तिरका कागद. एका बाजूला त्यांची कलमं, दुसऱ्या बाजूला मुलीचं अक्षर. त्यांच्या पुढे चार विद्यार्थी होते. ते रांगेत उभे राहिले. हे पाहायला जावकबुवा मुद्दाम दोनदा येऊन गेले.

“बाई,” पाळी आल्यावर ते म्हणाले, “ही प्रत तिरकी आहे. शेवटची ओळ कापली गेलीय. मूळ अर्ज दाखवता का?”

“मुलगी घरीच असते ना साहेब? विचारा की तिला.”

“विचारलं.” साहेबांनी घसा खाकरला. “ती म्हणाली, नियमाने या.”

बाईंनी चौदा रकान्यांचा नमुना काढला. साहेब कट्ट्यावर टेकून भरू लागले. अर्जदाराचे विद्यार्थ्याशी नाते: वडील. नात्याचा पुरावा जोडला आहे काय? इथे पेन अडकलं.

“हा रकाना कोणत्या गाढवाने घातला?”

बाईंनी टाचण्यांची डबी पुढे सरकवली. साहेबांना लगेच स्वतःच आठवलं. त्यांनी तिथे ‘बूट’ असं लिहिलं, खोडलं आणि ओळखपत्र जोडलं. अभिलेख पाहण्याचे कारण: या रकान्यात त्यांनी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. मागच्या मुलाने विचारलं, “काका, वेळ लागेल का?”

“लागेल,” साहेब म्हणाले.

शेवटी खोडाखोडीच्या खाली उरलेल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी लिहिलं: ‘वाचायचे राहून गेले.’

“विद्यार्थिनीची लेखी संमती?” बाईंनी विचारलं.

“ती… ती नाही माझ्याकडे.” साहेबांचा चेहरा उतरला.

मुलीची सही केलेली संमती शुक्रवारपासून बाईंच्या टेबलाच्या वरच्याच कप्प्यात होती. ती आधी काढली असती तर चौदापैकी अकरा रकाने वाचले असते. पण बाईंनाही एकतीस वर्षांत एकदा कधीतरी मजा करायचा हक्क होता. त्यांनी संमती काढली, नमुन्याला टाचली, शिक्का मारला. मग उठल्या. कपाटाचं कुलूप काढलं, खणाचं काढलं, आणि तो मूळ अर्ज साहेबांसमोर ठेवून खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

साहेबांनी चष्मा लावला. ग्रंथपालांसारखे त्यांचेही ओठ हलू लागले.

“काका,” मागचा मुलगा म्हणाला.

“थांब रे जरा,” बाई म्हणाल्या आणि खिडकीचं झापड अर्धं खाली ओढलं. “खाजगी आहे.”