वार्ताफलकावरची दुसरी ओळ

आणीबाणीचं दुसरं वर्ष चालू होतं. चंद्रभागाबाई पोलादपूरला राहायच्या आणि उमरठच्या रस्त्यावरच्या एका गावात शिकवायला जायच्या. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा होती. नवरा मुरारी पोलादपूरला कचेरीत कारकून. दोघंही महाडजवळच्या बौद्धवाडीतले, आपापल्या घरातली सरकारी नोकरी लागलेली पहिलीच माणसं.

शाळेच्या पडवीत वार्ताफलक होता. रोज सकाळी बाई पेपरातली एखादी बातमी त्यावर खडूनं लिहायच्या. त्या सोमवारी त्यांनी लिहिलं, की आमदारांचे वेतन आणि भत्ते वाढवण्याचं विधेयक मंजूर झालं. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला निघालेली सोनाबाई तिथं थांबली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून बाई तिला फलक वाचून दाखवायच्या.

"आमचा मजुरीचा रोज मुकादम सांगतो," ती म्हणाली. "त्यांचा कोन ठरवतो गो बाय?"

बाईंनी तिला सांगितलं, आणि सांगितलं तेच बातमीखाली लिहून टाकलं : 'आमदारांचे वेतन विधिमंडळ कायदा करून ठरवते. म्हणजे आमदार स्वतःच ठरवतात.' नागरिकशास्त्रातली माहिती, म्हणून लिहिली. दुसरं काही मनात नव्हतं.

दुपारच्या एसटीतून येसाजी उतरला. तो आमदारांचा तालुक्यातला माणूस. त्यानं फलक वाचला, पुन्हा वाचला, खिशातून डायरी काढून ती ओळ उतरवून घेतली. मग वर्गाच्या दाराशी येऊन शांतपणे विचारलं,

"ह्या कुनाच्या सांगन्यावरनं लिवलात, बाय?"

कुणाच्याच नाही, असं बाईंनी सांगितलं. तो मान हलवून गेला. मुलांना पाढे लिहायला देऊन त्या बाहेर आल्या आणि पदरानंच ती ओळ पुसली. पुसून वळल्या, तर येसाजी समोरच्या झाडाखाली उभा राहून बघत होता. आता त्यांनी स्वतःच कबुली दिल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी घरी मुरारीनं सगळं ऐकलं आणि आधी खिडकी लावून घेतली. महाडच्या एका वकिलांना मिसा कायद्याखाली पकडून नेलं होतं. कुठं ठेवलंय ते घरच्यांना पंधरा दिवस कळलं नव्हतं. त्यांचा गुन्हा काय, हेही कुणी धड सांगू शकत नव्हतं. तुला नेलं तर माझीही नोकरी जाईल, असं मुरारी म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर खाली मान घालून बसला. पुढचे तीन दिवस रस्त्यावर जीप वाजली, की बाईंच्या हातातला खडू थांबायचा. मुलं वळून बघायची. सोनाबाई सकाळी येऊन थांबायची, पण बाई फलकावर आता फक्त वार आणि तारीख लिहीत होत्या.

गुरुवारी निरोप आला : उद्या चार वाजता विश्रामगृहावर या, आमदारसाहेबांनी बोलावलंय. मुरारीनं माफीनामा सांगितला, बाईंनी लिहून घेतला. 'माझ्याकडून अनवधानाने चूक झाली. क्षमा असावी.' शुक्रवारी तो फाटकापर्यंत सोबत आला. आत जायची त्याची छाती झाली नाही, आणि बाईंनीही आग्रह केला नाही.

आमदारसाहेब वेताच्या खुर्चीवर बसले होते. येसाजी भिंतीशी उभा होता. बाईंनी कागद पुढं केला. साहेबांनी तो वाचला आणि परत दिला.

"चूक झाली म्हणता. काय चुकलं ते लिहिलेलं नाही. तेवढं लिहा."

त्यांनी आपलं पेन दिलं. बाई टेबलाशी ओणवल्या. वेतन आमदार ठरवत नाहीत, असं लिहायचं तर मग ठरवतं कोण, तेही लिहावं लागणार. त्यांनी खूप आठवून पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. पेनाचं टोक कागदावर टेकून तिथं शाईचा ठिपका पसरत गेला.

"साहेब," त्या म्हणाल्या. "खोटं काय ते मला सापडत नाही. सभागृहात तुम्ही सगळ्यांनी हात वर केले, तेव्हाच ते ठरलं ना?"

येसाजी पुढं सरकला. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. ते बाईंकडंच बघत राहिले.

"केला होता मी हात वर," ते अखेरीस म्हणाले. ठिपका पडलेला कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. "जा तुम्ही."

माफ केलं, की कागद राखून ठेवला, ते त्यांनी सांगितलं नाही. बाईंनाही विचारवलं नाही.

महिनाभर काहीच झालं नाही, आणि तो महिना त्या तीन दिवसांहून वाईट गेला. मग बदलीचा हुकूम आला. घाटाच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवरची एकशिक्षकी शाळा. एसटीतून उतरून दोन तास चढायचं. म्हणजे तिथंच बिऱ्हाड करायचं, आणि मुरारीनं पोलादपुरात एकट्यानं राहायचं.

मुरारीनं हुकूम दोनदा वाचला आणि तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. बदलीच आहे, एवढंच ना, म्हणाला. बाईही हसल्या. त्यांनी ताटं घेतली, दोघं पोटभर जेवले. हात धुताना मात्र बाई थबकल्या. आपल्याला शिक्षा झाली आणि आपण सण असल्यासारखे जेवलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. बाहेर मुरारी शेजाऱ्याला आनंदानं बदलीचं सांगत होता. बाई न्हाणीत तशाच उभ्या राहिल्या. बाहेर जाऊन मुरारीला तोंड दाखवायचीही त्यांना लाज वाटत होती.