नवसाचा कोंबडा

आमच्या महागावकडच्या खेड्यात असं मानतात, की माझ्या सासूबाई शकुबाई दोन गोष्टी नुसत्या बघून ओळखतात. पिल्लू नर की मादी, आणि पोटातलं बाळ मुलगा की मुलगी. पिल्लाचे जाड पाय, लवकर लाल होणारा तुरा, मानेवरची टोकदार पिसं बघून त्या निकाल देतात. बाईचं पोट बघूनही देतात, आणि तेवढ्याच ठसक्यात.

माझं पोट बघून त्यांनी मुलगा सांगितला होता. मुलगा झाला तर घरचा काळा कोंबडा देईन, असा मरीमायला नवसही बोलल्या. झाली प्रेरणा. बारशाला मात्र त्यांचं डोकं दुखत होतं म्हणे.

यंदा मला पुन्हा दिवस गेले. त्याआधी शिमग्याच्या सुमारास आमच्या खुडूक कोंबडीखाली एक काळंभोर पिल्लू निघालं होतं. कडकनाथ नव्हे, गावरानच, पण चोचीपासून नखांपर्यंत काळं. प्रेरणानं त्याला तळहातावर ज्वारीची कणी चारून वाढवलं. आता सासूबाईंची नजर त्याच्यावर गेली.

"दिपाली, हा कोंबडा व्हय. आखाडीले मरीमायले देऊन टाकू. औंदा तरी मायनं पोरगा देला पायजे."

"तलंग व्हय ते, आत्याबाई," मी म्हटलं. नवसाला तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, चालत नाही.

"मले शिकवतं काय?"

"मंग महागावच्या बाजारातून आना दुसरा."

"नवसाले घरचाच लागते."

तुरा मलाही दिसत होता, आंधळी नाही मी. पण हटून बसले. त्या त्याची वाकडी शेपटी दाखवायच्या, मी अंडं घालायला म्हणून घमेल्यात गवत पसरायची. शेजारणी हसायच्या. हसू देत.

आषाढातल्या आखाडीच्या सणाला सकाळी सासूबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन अंगणात आल्या, आणि काळ्यानं कुंपणावर चढून बांग दिली. आयुष्यातली पहिली, फाटक्या आवाजातली.

"आयकलं? माही नजर चुकत नाई!"

प्रेरणानं धावत जाऊन काळ्याला कवटाळलं आणि ती माझ्या मागे लपली. माझं डोकं सटकलं.

"कोंबडाच हाये. तुमीच बरोबर. पन नवस कायचा होता? पोराचा. झाली पोरगी. मंग मायचं देनं कायचं राह्यलं?"

"पन आता पोटात—"

"पोटात काय हाये ते भायेर आलं म्हंजे पाहू. पोरगी आली तं तिलेबी अशीच पोसीन."

"माय कोपंन, बाई!"

"मह्यावर कोपू द्या."

सासूबाई तशाच घरात गेल्या. मग ताटात नारळ ठेवून एकट्याच देवळाकडे निघाल्या.

प्रेरणानं काळ्याला खाली सोडलं. तो लगेच कुंपणावर चढला आणि सासूबाई वळणापाशी पोचायच्या आत पुन्हा आरवला.

"वरड लेका, आनखी मोठ्यानं वरड," मी म्हटलं. "पोरगी झाली म्हनून वाचला तू."