तंतोतंत तोच अंगठा

या, असे पुढे सरका. मागच्यांनीही या, जागा होईल. एका पोरीची गोष्ट सांगतो. देवाने तिच्या बोटांत काय घातलं होतं ते तोच जाणे, पण परीक्षा माणसं घेणार होती.

चित्रशाळेत तिला सगळे 'मुंगी' म्हणत. बारीक, गप्प, सदा कामात. बाप शिंपी. परीक्षेसाठी एक चित्र घरून काढून आणायचं होतं. तिने बापाचा हात काढला, सुई धरलेला. इतका जिवंत, की परीक्षक कागदाला बोट लावायला कचरले. तिथेच घात झाला.

"हे फोटोवरून गिरवलंय," प्राचार्य म्हणाले. "सरळ नक्कल आहे."

"नाही सर, बाबांना समोर बसवून काढलंय."

"मग आत्ता आमच्यासमोर काढ. तंतोतंत हेच. जुळलं तर शाळेत राहशील, नाही तर नाव काढून टाकतो."

मुंगीने तिथेच कोरा कागद पुढे ओढला. पेन्सिलीची खरखर तेवढी. तिला शिकवणाऱ्या बाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या अजून नोकरीत कायम व्हायच्या होत्या, आणि ते प्राचार्यांच्याच हाती होतं. त्यांनी पुढे येऊन वाकून पाहिलं. कागदावर अंगठा सुजलेला उतरत होता.

"अगं मुंगे, काय करतेस!" त्या कुजबुजल्या. "पहिल्यासारखा काढ ना! एवढा एकदा हट्ट सोड, बाळा."

"बाई, परवा बाबांना सुई लागली. अंगठा आता तसा नाहीये. खोटा कसा काढू?"

प्राचार्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले. "बघा! हातच वेगळा. पकडली की नाही चोरी?"

बाईंना राहवेना. "सर, नक्कल केली म्हणून धरलंत, आणि आता नक्कल केली नाही म्हणून हाकलताय? दार उघडा. तो हात बाहेर बाकावरच बसलाय."

"बाई, तुम्ही अजून कायम नाही आहात. जरा जपून."

बाईंनी स्वतःच दार उघडलं. शिंपी गडबडून उठला, सांगितल्याबरोबर हात पुढे केला. तीच सूज, नखाखाली तोच काळा ठिपका.

परीक्षकांनी मान हलवली. "आहे खरा."

"दुसऱ्या चित्राशी जुळतोय हो," प्राचार्य म्हणाले, "पण मी पहिल्याशी जुळवायला सांगितलं होतं. नियम म्हणजे नियम. नाव काढा."

मुंगी पेन्सिली गोळा करू लागली.

"माझ्या हातामुळे काही झालं का हो?" शिंपी विचारत राहिला.

"नाही हो दादा. तुमच्या हातात काही खोट नाही." बाई प्राचार्यांकडे वळल्या. "तिच्याबरोबर माझंही नाव काढा. उद्यापासून ती माझ्या घरी बसेल. तिला शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही, पण कागद पुरवीन. आणि कुणाला 'पहिल्यासारखं काढ' म्हणू देणार नाही."

पोरीचं पुढे काय झालं, असं विचाराल. तिची चित्रं आहेत, ती तिची आठवण राखतील. बाईंच्या मागे तसं काहीच उरलं नाही. देवापुढे उभे राहाल तेव्हा तेवढं त्यांना आठवा.