जावईबापूंची पाठ

आमच्या प्रयोगशाळेतल्या डुकराला सगळे जावईबापू म्हणत, कारण त्याची बडदास्त तशीच होती. मऊ अंथरूण, वेळच्या वेळी सफरचंद, आणि जरा कुरकुरलं की जनावरांच्या डॉक्टरीणबाई धावत हजर. त्याच्या पाठीवर भूल देऊन चार खोल जखमा आम्हीच केल्या होत्या, तेव्हा एवढी सरबराई करणं भागच होतं. दोन जखमांवर मी तयार केलेली कृत्रिम त्वचा बसवली होती, उरलेल्या दोहोंवर नेहमीचं ड्रेसिंग. माझी त्वचा सरस ठरली, तर ती भाजलेल्या माणसांपर्यंत नेण्याचा रस्ता खुला होणार होता. नाही ठरली, तर माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

आता गंमत बघा. जखमा तपासून मार्क देणार कोण? माझा नवरा! या कामात त्याचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं, त्याला मी तरी काय करणार? शिवाय डॉक्टरीणबाई नुसत्या फोटोंवरून वेगळे मार्क देत. कोणत्या जखमेवर काय लावलंय, हे दोघांनाही कळता कामा नये, असा नियम होता. म्हणून आम्ही नवराबायकोने घरात डुकराचा विषयच बंद केला. पण खरं सांगते, आमच्या घरी डुकराशिवाय दुसरा विषयच उरला नव्हता. जेवताना दोघंही गप्प.

सासूबाईंना ते बघवेना. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, भांडलात का दोघं?"

"नाही हो, आई."

"मग त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीस ती?"

"बघितलं तर त्याला कळेल."

"काय कळेल?"

"तेच तर सांगता येत नाही!"

त्यांनी कपाळाला हात लावला आणि लेकाला हाक मारली. "चूक तुझीच असणार. माफी माग तिची." त्याने मुकाट्याने माफी मागितली. कशाची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आयती चालून आली होती, मीही माफ करून टाकलं.

शेवटची तपासणी झाली. कोणती जखम कशाची, हे आमच्या प्रमुख मॅडम सर्वांसमोर सांगणार, तेवढ्यात नवरा उभा राहिला.

"मॅडम, एक चूक झाली. दोन नंबरची जखम हिच्या त्वचेची, हे मला मध्येच कळलं. बायकोला झुकतं माप दिलं असं व्हायला नको, म्हणून मी तिथे जरा हात राखून मार्क दिले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कळलं? कसं काय कळलं?"

"मी दोन नंबर बघत होतो, आणि तू गालातल्या गालात हसलीस."

हसले होते, नाही कशाला म्हणू? मी समोर असल्याशिवाय जावईबापू तपासणीला उभेच राहत नसत, म्हणून मी तिथे होते. आणि ते त्या वेळी याच्या खिशातला रुमाल काढून शांतपणे चघळत होते!

"दोन नंबरवर साधं ड्रेसिंग होतं," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे या भल्या माणसाने नेमके साध्या ड्रेसिंगचेच मार्क कापले होते, आणि फायदा होणार होता मला! असला फायदा घेऊन मी करू काय? "याचे सगळे मार्क रद्द करा," मीच म्हणाले. आता सगळी भिस्त डॉक्टरीणबाईंवर.

मॅडमनी त्यांचे मार्क वाचून दाखवले. माझ्या दोन्ही जखमा उजव्या ठरल्या होत्या, आणि काठावर नाही, चांगल्याच फरकाने. मला सर्वांसमोर रडू फुटलं. नवरा रुमाल शोधायला लागला. तो कुठून सापडणार?

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "इतका संसार केलास आणि बायकोचं हसू ओळखता येत नाही तुला? माफी माग तिची!"

"आई," नवरा म्हणाला, "ती मी आधीच मागून ठेवली आहे."

आणि मी शहाणी माफ करूनही बसले होते.