चेष्टा ठीक

“बज्जर निघाला लढाईला, पट्टा राहिला खुंटीला!”

हा आवाज मी ऐकला, त्याला आता सदतीस वर्षं झाली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमागच्या अंगणात, हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात बाजेवर बसून दीनानाथ मला मोठ्यानं वाचत होते, आणि त्यांची दहा वर्षांची अलकनंदा पोट धरून हसत होती.

मित्रांनो, मी एक जुना अंक आहे, ‘वनवीर बज्जर’ या हिंदी कॉमिकचा. बज्जर म्हणजे अंगानं पहाड आणि डोक्यानं भोळा. एका हातानं मगरीचा जबडा उघडायचा, आणि दुसऱ्या हातानं कमरेचं कातडं सावरायचा. त्यात छापखान्यात माझा लाल रंग बोटभर सरकला. त्यामुळे बज्जर एकीकडे आणि त्याचं वस्त्र दुसरीकडे, असा मी जन्मतःच हसण्याचा विषय झालो. म्हणूनच असेल, बाजारातल्या रद्दीवाल्याच्या ढिगात मी पडून राहिलो, आणि म्हणूनच अलकनंदानं मला उचललं.

हे कुटुंब तेव्हा सांगलीहून नुकतंच दिल्लीला बदलून आलं होतं. दीनानाथ एका कचेरीच्या हिंदी विभागात लागले होते आणि जड जड हिंदी शब्दांवर त्यांचा भारी जीव जडला होता. लेकीला मात्र हिंदी फक्त भाजीवाल्यापुरती यायची. म्हणून ते मला वाचता वाचता मराठी करत. माझ्या तिसऱ्या पानावर बज्जर म्हणतो, “मैं पूरी चेष्टा करूँगा!” दीनानाथांनी ते वाचलं, “मी जिवाची शिकस्त करीन!” किती सुंदर वाचलं! पण त्या सुंदर वाचण्यात मधला ‘चेष्टा’ शब्द लेकीच्या कानावर पडायचा राहून गेला. ती चुटपुट मला अजून आहे.

माझ्या मागच्या कव्हराची आतली बाजू कोरी होती. परीक्षेनंतरच्या सुट्टीत अलकनंदानं तिथे स्वतःचं रान उभं केलं. कासोटा घातलेली, गेंड्यावर बसलेली, रानजाई नावाची शूर पोरगी तिनं काढली. रानजाई चिखलात रुतलेल्या बज्जरला शेंडी धरून ओढते आहे. माकडांची तोंडं गल्लीतल्या पोरांची. आणि काठावर उभ्या हत्तीला तिनं बाबांचा चष्मा घातला, गळ्यात बाबांचा मफलर गुंडाळला. चार दिवस ती माझ्यावर वाकून होती. तिच्या पेन्सिलीची गुदगुली मला अजून आठवते. माझ्या छापलेल्या बत्तीस पानांत नव्हता एवढा जीव त्या एका पानात होता.

मग तिनं मला बाबांच्या उशीखाली ठेवलं आणि पळून गेली.

दीनानाथ ते पान फार वेळ बघत बसले. दोनदा चष्मा पुसला. आणि मग कचेरीतल्या फायलीवर लिहावा तसा कोपऱ्यात शेरा लिहिला, ‘चेष्टा ठीक.’ खाली छोटी सही, तारीख.

मी हिंदीचा. मला कळलं. प्रयत्न बरा आहे, एवढंच ते. पण सांगलीच्या लेकीनं तो शब्द मराठीत वाचला. चेष्टा. म्हणजे थट्टा, टिंगल. तिची नजर हत्तीच्या चष्म्यावर गेली आणि कान लाल झाले. ‘बाबांना वाटलं, मी त्यांची चेष्टा केली,’ असं तिनं मनाशी धरलं. तिनं कुणाला काही विचारलं नाही. रंगपेटी शेजारच्या सलोनीला देऊन टाकली आणि मला ट्रंकेत तळाला घातलं.

मला तोंड असतं तर! बत्तीस पानं भरून फुगे होते माझ्याकडे बोलायचे, आणि त्यातला एकही माझा नव्हता.

पुढची वर्षं अंधारात गेली. क्वार्टर बदलली, ट्रंक बदलली नाही. मला कसर लागली, बज्जरचा अंगठा तिनं खाल्ला. अलकनंदा शिकली, विमा कंपनीत लागली. फरीदाबादला तिनं संसार थाटला. तिथे दिवाळीला ती दारात रांगोळीसुद्धा काढत नाही, तयार चिकटवते. पोरगी शहाणी झाली, अभ्यासाला लागली, असं दीनानाथ लोकांना कौतुकानं सांगत राहिले.

गेल्या महिन्यात दीनानाथ लेकीकडे राहायला आले, ऐंशी वर्षांचे, ट्रंकेसकट. रविवारी नातीनं, मैत्रेयीनं, ट्रंक उपसली आणि मी उजेडात आलो.

“मम्मा, ये तूने बनाया? यार, कसलं भारी आहे!” मग तिनं कोपरा वाचला. “आजोबा, तुम्ही पण ना. चेष्टा ठीक? एवढ्या भारी ड्रॉइंगला नुसतं अटेम्प्ट ओके? किती कंजूस!”

अलकनंदा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात तिथेच थांबला. चेष्टा म्हणजे अटेम्प्ट कसं, असं तिनं विचारलं. शाळेच्या हिंदीत तेच तर आहे, चेष्टा म्हणजे कोशिश, मैत्रेयी म्हणाली. दुसरा काही अर्थ असतो, हे तिकडेच वाढलेल्या त्या पोरीला ठाऊकच नव्हतं.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवा, कसर झटका, एवढं मागायचा माझा हक्क आहे. पण कुणी जीव ओतून काही केलं आणि तुमच्या उशीखाली ठेवलं, तर त्यावर लिहू नका. त्याला हाक मारा, समोर बसवा आणि तोंडानं सांगा. अंगठा नसलेला बज्जर चालतो मला. रानजाईची दुसरी गोष्ट माझ्या पाठीवर कधीच उमटली नाही, ते मला सोसत नाही.

अलकनंदा बाबांजवळ खाली बसली. “तुमची थट्टा नव्हती केली मी, बाबा. त्या रानात हत्ती सगळ्यांत शहाणा होता.”

दीनानाथांना आधी उमगलं नाही. मग हळूहळू उमगलं. त्यांनी मला मांडीवर घेतलं, आणि बोट त्या शेऱ्यावर ठेवलं.

“मी ‘अप्रतिम’ लिहिणार होतो, अलका,” ते म्हणाले. “तू शेफारशील, अभ्यास सोडशील, म्हणून भ्यायलो.”